नऊच्या आधी एक

एप्रिल २०२१ मध्ये आमच्या सेंटरला पोट, डोकं, मणके सगळं थांबलं होतं. फक्त छाती. नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या त्या स्कॅन सेंटरमध्ये मी सीटी टेक्निशियन आहे. लोक फिल्म बघायचे नाहीत, रिपोर्ट वाचायचे नाहीत. टेबलावरून उतरता उतरताच विचारायचे, "स्कोअर किती?"

मार्चअखेर दिल्लीहून 'डबल म्युटंट'ची बातमी आली, त्यात महाराष्ट्राचं नाव ठळक. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं की नवा स्ट्रेन आरटीपीसीआरला सापडतच नाही, थेट फुप्फुसात उतरतो. आरटीपीसीआरचे रिपोर्ट तसेही दिवसेंदिवस लटकलेले, मग सगळी भीती आमच्या दारात येऊन बसली. आदल्या वर्षी घरातला एक जण यायचा आणि बाकीचे रस्त्यापलीकडे उभे राहायचे. आता अख्खी अर्टिगा उतरायची, आजोबांपासून नातवापर्यंत.

घाबरले ते उगाच नव्हते. विषाणू खरंच जास्त वेगानं पसरणारा होता, मेअखेरीस त्यालाच डेल्टा नाव मिळालं. पण ते चुकीच्या रांगेत उभे होते. काल ताप आलेल्या माणसाच्या छातीत आज बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. तरी तो चिठ्ठी घेऊन यायचा आणि खोकणाऱ्या पेशंटच्या शेजारी तासभर बसायचा. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. बाजारात गर्दी नको म्हणून याच शहरात तासाला माणशी पाच रुपयांची पावती फाडली जात होती. आमच्या बाकड्यांना असली पावती नव्हती. मालकांची तक्रार नव्हती. सरकारनं दर बांधलेला, आमच्या मशीनला २,५०० रुपये, पण मशीन रात्री दोनपर्यंत चालू.

स्कोअर म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. फुप्फुसांचे पाच भाग, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. प्रत्येक भाग किती बाधित दिसतो त्यावरून शून्य ते पाच. बेरीज पंचवीसपैकी. हे रेडिऑलॉजिस्ट नजरेनं ठरवतो, फूटपट्टी लावून नाही; एकाचा नऊ दुसऱ्याचा अकरा असू शकतो. शिवाय तो त्या दिवसाचा असतो. आजार साधारण दहाव्या दिवसापर्यंत चढत जातो, त्यामुळे चौथ्या दिवसाचा सहा हा आठव्या दिवसाच्या सहापेक्षा वाईट. हे मी घसा बसेपर्यंत सांगायचो. समोरचा मान हलवायचा आणि विचारायचा, "म्हणजे सहा चांगला ना?"

प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचा. वेळ जातो तो टेबल पुसण्यात, चादर बदलण्यात आणि धाप लागलेल्या माणसाला हात डोक्यामागे घेऊन आडवं करण्यात. मशीनमधली रेकॉर्ड केलेली बाई हिंदीतून श्वास रोखायला सांगते. मी ती बंद केली होती. काचेमागून स्वतःच सांगायचो, "काका, मोठा श्वास घ्या, आता धरा, धरा, धरा." स्कॅनची दिशाही उलटी ठेवायचो, खालून वर. कोविड बहुतेक फुप्फुसाच्या तळाशी बसतो. तळ आधी निघाला की मग श्वास सुटला तरी धूसर होतो तो वरचा भाग. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि याचा मला अजून अभिमान आहे. मध्येच मशीनची एक्स-रे ट्यूब तापायची, स्क्रीनवर थांबण्याचा मेसेज यायचा, आणि बाहेर कुणीतरी ओरडायचं, "चहा प्यायला गेले वाटतं!"

अशाच एका संध्याकाळी निफाडकडची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. द्राक्षबागायतदार, साठीचे, पाचवा दिवस. माल विकला गेला होता, पीक निघाल्यावरची खरड छाटणी तोंडावर. ते मलाच समजावत होते, "मला काही होत नाही, ही उगाच घाबरती. मजूर उद्या येणारेत." बसल्या जागी ऑक्सिजन ९४. बोलताना धाप नाही. पण नखांचा रंग मला आवडला नाही. स्कॅन झाल्यावर मी त्यांना पॅसेजमध्ये सहा मिनिटं चालवलं. ८८ वर आले. आणि तरी म्हणाले, "बघा, चाललो की नाही."

स्कोअर आला नऊ.

मुलीनं तिथूनच फोन लावले. दोन खाजगी दवाखान्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, स्कोअर किती. नऊ म्हटल्यावर, "ताई, घरी ठेवा, आमच्याकडे पंधराच्या वरचेच वेटिंगला आहेत." ती म्हणाली, चालल्यावर ८८ होतो. त्यावर उत्तर नाही. त्यांच्या रकान्यात चालण्याला जागाच नव्हती. मी चिठ्ठीवर '९४, चालल्यावर ८८' लिहून दिलं, खाली वेळ टाकली. तिनं फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून विचारलं, "हे कोणी लिहिलंय? डॉक्टरांनी?"

मग ती काउंटरवर वाकली. आवाज चढलेला नव्हता, रडतही नव्हती.

"दादा, नऊच्या आधी एक टाका ना."

सेंटरला येणारे लोक म्हणायचे, स्कोअर कमी सांगा. आईला चार सांगा, खरा मला सांगा. वाढवून मागणारी ती पहिली. रिपोर्टची फाइल टायपिस्टच्या स्क्रीनवर उघडी होती, सही नंतर लागायची. एक बटण. टायपिस्टनं माझ्याकडे बघितलं.

मी नाही म्हणालो. सांगितलं की खरा एकोणीसवाला कुणीतरी रांगेत असेल, त्याची खाट जाईल. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला चालता येतंय का, हे तरी विचारतात का ते?"

मी रेडिऑलॉजिस्ट सरांना फोन केला. स्कोअर बदलणार नाहीत हे माहीत होतं. रिपोर्टच्या तळाशी चालण्याचा आकडा आणि 'तातडीनं डॉक्टरांना दाखवावं' अशी एक ओळ त्यांनी घातली. रिपोर्टची शेवटची ओळ त्या महिन्यात कोण वाचत होतं?

२१ एप्रिलला झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. त्यात किमान २२ पेशंट गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या बाकड्यांवरची भीती पार पालटलेली होती. जे खाट मिळवून द्या म्हणत होते तेच विचारू लागले, "घरीच सिलिंडर लावला तर?" त्याच गर्दीत ती परत आली. वडील आता व्हीलचेअरवर. या वेळी मला स्कॅन बघायला रेडिऑलॉजिस्ट लागला नाही. दोन्ही बाजूंना तळापासून वरपर्यंत घासलेल्या काचेसारखं पांढरं. स्कोअर अठरा.

आता आकडा होता, पण म्हातारा तयार नव्हता. "तिथं टाकी फुटून माणसं मेली. मी बागेतच मरतो." मुलगी त्यांच्या पुढ्यात खाली बसून बोलत होती, हळू आवाजात, बराच वेळ. शेवटी सिन्नरला एक खाट निघाली. नाशकात नाही. ती जाताना माझ्याकडे बघून काही बोलली नाही, आणि मला वाटतं तिला तेवढा वेळ नव्हता, एवढंच.

पुढे काय झालं मला माहीत नाही. नोंदणीच्या फॉर्मवर तिचा नंबर होता. मी लावला नाही.

मेच्या सुरुवातीला दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे, सौम्य आजारात काढू नका. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेनं हे आकडे जुन्या मशीनचे म्हणून विरोध केला, आणि त्यात तथ्य होतं. पण 'उगाच काढू नका' हे डॉ. गुलेरियांचं म्हणणंही बरोबरच होतं. आम्हाला मात्र फोन सुरू झाले, "दादा, मी तीन काढलेत, कॅन्सर होईल का?"

टायपिस्ट अजून आमच्याकडेच आहे. जेवताना कधीतरी तो विषय काढतो. त्याचं म्हणणं, आकडा आधीच खोटा होता, खाटेचं दार उघडायला तो वापरणंच खोटं, मग आपण एक टाकला असता तर काय बिघडलं असतं. मी म्हणतो, उद्या सगळ्यांनी टाकला असता. तो म्हणतो, मग निदान त्यांना आकडा सोडून पेशंटकडे बघावं लागलं असतं. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही, आणि तो दर वेळी माझ्या डब्यातली भाजी घेऊन जातो.