ट्रेकचं प्रथमोपचार पाऊच: डबा गेला, क्रेप आलं

पाऊस ओसरला, नाशिकजवळच्या अंजनेरी किल्ल्याच्या वाटेवरचं शेवाळ वाळायला लागलं, तेव्हा मोसमाआधी पाऊच रिकामं करून पुन्हा भरायला घेतलं. आधीचा लाल प्लास्टिकचा डबा आता घरात फ्रीजवर बसलाय, तिथेच शोभतो. तयार किटवर मोठ्या अक्षरांत ‘शंभर वस्तू’ छापलेलं असतं, आणि उघडावं तर बहुतेक बँडेडच्या पट्ट्या नि स्वॅब. आपल्या किल्ल्यांवर माणूस अडतो तो घसाऱ्यावर. घोटा मुरगळतो, तळहात नि गुडघे सोलवटतात. तिथे बोटभर पट्टी काय पुरणार?

म्हणून या खेपेला पैसे आणि जागा, दोन्हींत पहिला मान क्रेप बँडेजचा, म्हणजे मुरगळलेल्या सांध्याला बांधायच्या ताणणाऱ्या पट्टीचा. १० सेंमी रुंदीचं घेतलं. ६ सेंमीचं स्वस्त पडतं, पण मोठ्या माणसाच्या घोट्याला नीट धरत नाही. बांधायला पायाच्या बोटांकडून सुरुवात करून वर जायचं, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर, टाच नि घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. बोटं गार किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या, तर लगेच सैल करायचं. घरी भावाच्या पायावर सराव केला. सोबत येणाऱ्या क्लिपा टिकत नाहीत, शेवट मायक्रोपोरनेच, म्हणजे कागदी चिकटपट्टीनेच चिकटवायचा.

खरेदी नाशिकच्या गोळे कॉलनीतून, औषधांच्या होलसेल बाजारातून, सगळं सुटं. होलसेलवाले एक-दोन नग द्यायला कुरकुर करतात, त्यामुळे आम्ही चौघांनी मिळून गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड) आणि हातमोज्यांचे बॉक्स घेतले नि वाटून टाकले. पोव्हिडोन आयोडीनचं मलम, छोटी कात्री आणि काट्यांसाठी चिमटा धरूनही माणशी पाचशेच्या आत बसलं. करवंदीच्या जाळीतून गेलेल्याला चिमट्याचं महत्त्व सांगायला नको.

कापूस काढला, त्याचे तंतू जखमेला चिकटतात. हायड्रोजन पेरॉक्साइडही काढलं. फेस येतो म्हणून बरं वाटतं, पण भरून येणाऱ्या पेशींनाही ते त्रास देतं. माती धुवायला पिण्याचं पाणीच, बाटलीच्या झाकणाला भोक पाडून धार मारायची. एक जादा झाकण तेवढ्यासाठी पाऊचमध्ये.

ओआरएस पावडरचंच. चवदार टेट्रापॅकमध्ये साखरच जास्त असते. २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली, हे बरंच झालं. १ लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतायचं नाही. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, दिवसाच्या ट्रेकला ती सोयीची.

गोळ्या दोनच: पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीवरची सेटिरिझिन. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. माशी चावली तर काटा पटकन खरवडून काढायचा. खाज, गांधी यांना सेटिरिझिन ठीक, पण जीभ-ओठ सुजले किंवा श्वास लागला तर गोळीचा परिणाम बघत थांबायचं नाही, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा. पायथ्याच्या गावाचं नाव सगळ्यांना पाठ हवं. हरिहर किल्ल्याला निघालोय तर निरगुडपाडा की हर्षेवाडी, हे फोनवर आठवत बसायला नको.

माकडांसाठी कागदी साबण टाकलाय. ब्रह्मगिरीवर खाऊ हिसकावताना ओरखडा बसू शकतो. चावा असो वा ओरखडा, साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. एवढं पाणी सॅकमध्ये नसतं, तेव्हा आहे त्यात सुरुवात करायची आणि पहिल्या हापशावर पुन्हा धुवायचं.

सापासाठी मुद्दाम काहीच नाही. विष ओढायचे पंप विकतात, ते निरुपयोगी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, कुणीही चावो: अंगठी-कडं काढायचं, तो अवयव स्थिर ठेवायचा, चिरायचं नाही, दोरी आवळायची नाही, आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं.

सगळं झिपलॉकमध्ये, वजन पाव किलोच्या आसपास. हरिहरच्या पायऱ्यांना दोन्ही हात खोबणीत लागतात, कमरेला लटकणारं पाऊच तिथे मधे येतं. त्यामुळे जागा सॅकच्या वरच्या कप्प्यात, आणि ती ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत.

बाकी काम: गोळ्यांची पट्टी कापली की एक्स्पायरीची तारीख कापली जाते, ती मार्करने वर लिहायचीय. दुखावलेला हात गळ्यात अडकवायच्या झोळीसाठी त्रिकोणी पट्टी मांजरपाटाची शिवून घेतोय. धोडप किल्ल्याला जायच्या आधी ती हातात पडली पाहिजे.