मागून काच बसवली आणि स्टॉपवॉच बिघडलं

क्रोनोग्राफला, म्हणजे स्टॉपवॉचवाल्या घड्याळाला, मागून काच बसवून द्या म्हणणारी गिऱ्हाईकं हल्ली बरीच येतात, पण हे काका दुकानात आले तेव्हा काच आधीच बसलेली होती आणि तक्रार वेगळीच होती. घड्याळ वेळ बरोबर दाखवतं पण स्टॉपवॉचचं वरचं बटण कधी लागतं कधी लागत नाही, आणि खालचं बटण दाबलं की मोठा सेकंद काटा बारावर न येता दोन-तीन सेकंद अलीकडेच अडकतो. स्टीलचं झाकण होतं तोपर्यंत असं काहीच नव्हतं. ज्याने काचेचं झाकण बसवून दिलं त्याने सांगितलं म्हणे की चायनीज मशीन आहे, असंच असतं.

हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, खरंच येतो. घड्याळ होतं सीगल ह्या चिनी कंपनीचं ‘१९६३’ नावाचं मॉडेल, हाताने चावी द्यायचं, आत एसटी१९ मशीन. ह्याचं मूळ स्विस आहे. व्हीनस नावाच्या कंपनीचं १७५ नंबरचं क्रोनोग्राफ मशीन होतं, ते बनवायची सगळी यंत्रसामग्री चीनने विकत घेतली आणि १९६१ पासून तियानजिनच्या कारखान्यात हवाई दलाच्या वैमानिकांसाठी घड्याळ बनवायचं काम सुरू झालं, त्याच घराण्यातलं हे मशीन. कॉलम व्हीलवालं आहे, म्हणजे स्टार्ट-स्टॉपचा सगळा कारभार एका छोट्या खांबवाल्या चाकावरून चालतो. ह्या पैशात कॉलम व्हीलचा नवा क्रोनोग्राफ दुसरा शोधून दाखवा. फिनिशिंगमध्ये कमीजास्त असेल, मान्य, पण काटा शून्यावर न येणं हे ‘असंच असतं’ मध्ये बसत नाही.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले, सत्तरी पार. मुलीने सिंगापूरहून आणून दिलेलं घड्याळ. मी विचारलं, काका, स्टीलचं झाकण चांगलं होतं की, बदललंत कशाला, तर म्हणाले, “अहो बटण मी दाबायचं आणि आत काय होतं ते मलाच दिसू नये, हे मला पटत नाही.” म्हणून त्यांनी काचेचं झाकण ऑनलाइन मागवलं, ३८ मिलिमीटरच्या मॉडेलला बसणारं. आणि ते बसतही होतं. आटे जुळत होते, रबर रिंग जागेवर होती, काच नीलमणी म्हणतात ती सॅफायर, सहसा ओरखडे न पडणारी. वरून बघून कुणालाही वाटावं की काम चोख झालंय.

आधी टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, लावलं. बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा, झोका २७० अंशांच्या आसपास, स्टॉपवॉच चालू केल्यावर २४० पर्यंत खाली. जास्तीची चाकं ओढायला लागल्यावर एवढं उतरणारच. म्हणजे मशीन ठणठणीत. मग झाकण काढलं, मशीनच्या कडेला लाकडी काडीने हलकासा दाब दिला आणि तसाच धरून बटण दाबलं. लागलं. परत दाबलं, थांबलं. खालचं दाबलं, काटा थेट बारावर. काडी उचलली आणि तेच बटण दाबलं तर अख्खं मशीन घड्याळाच्या बाहेरच्या केसमध्ये केसभर हललं! डोळ्याला लूप, म्हणजे घड्याळजीचं भिंग, लावलेला असेल तरच दिसेल एवढंच. पण तिथेच सगळं उत्तर होतं.

होतं काय, तर मशीन आणि केसच्या मधे एक प्लास्टिकची रिंग असते. ह्या घड्याळात मशीन स्क्रूच्या पट्ट्यांनी केसला आवळलेलं नव्हतं, जुन्या स्टीलच्या झाकणाला आतून एक कड होती आणि झाकण घट्ट झालं की तीच कड त्या रिंगला दाबून धरायची. काचेच्या झाकणात ती कड नव्हती, तिच्या जागी काच धरणारी चौकट, आणि ती थोडी खोल. डेप्थ गेजने दोन्ही मापली तर ०.४ मिलिमीटरचा फरक. साध्या तीन काट्यांच्या घड्याळात एवढं चालून गेलं असतं, फार तर मनगट हलवल्यावर खुळखुळ वाजलं असतं. क्रोनोग्राफला नाही चालत, कारण त्याची बटणं मशीनला बाजूने ढकलतात. लिव्हरला मिळायला हवा तो जोर मशीन सरकण्यात वाया जातो, कॉलम व्हील पुढच्या दातावर पूर्ण जात नाही आणि अर्ध्यातच लटकतं. रिसेटचंही तेच, काट्याला शून्यावर आणणारी हातोडी पूर्ण पडत नाही.

म्हणजे तो फरक भरून काढायला झाकणाखाली अजून एक रिंग हवी. बाजारात अशी तयार रिंग मिळत नाही, करावीच लागते. बोहरी आळीतून आणलेल्या पितळी पाइपचा तुकडा होता, तो छोट्या लेथवर लावला. अशी रिंग जाड ठेवली तर झाकण रबरवर नीट बसत नाही आणि पाणी आत शिरतं, शिवाय मशीन पुढे दाबलं जाऊन डायलवर ताण येतो. पातळ ठेवली तर मूळ दुखणं तसंच. आतला व्यास मशीनपेक्षा मोठा हवा, नाहीतर एखाद्या लिव्हरला घासणार. म्हणून थोडं घासायचं, लावून बघायचं, परत घासायचं, घाई करायचीच नाही. शेवटी झाकण फिरवताना अगदी शेवटच्या पाव फेऱ्यात हाताला किंचित भार जाणवायला लागला, तेव्हा थांबलो.

अजून एक तपासणी राहिली होती आणि ती बरेच जण करत नाहीत. क्रोनोग्राफच्या मशीनला पाठीवर सगळे लिव्हर आणि ब्रिज असतात, साध्या मशीनपेक्षा उंच. मनगटावर दाब आला की मागची काच जराशी आत दबते, म्हणून मधे मोकळी जागा हवीच. सगळ्यात उंच स्क्रूवर रोडिकोची, म्हणजे घड्याळजी वापरतात त्या मऊ लगद्याची, बारीक गोळी ठेवली, झाकण पूर्ण बंद केलं, उघडलं आणि चपटी झालेली गोळी मापली. ०.३ मिलिमीटर. पुरेसं आहे. मग सफाई. स्टीलच्या झाकणाखाली बोटाचा डाग राहिला तर कुणाला कळत नाही, इथे धुळीचा एक कणसुद्धा रोज दिसणार, त्यामुळे काच आतून पुसायला आणि ब्रिजवरून हवा मारायला मी मुद्दाम वेळ दिला. पाणी शिरतं का ते बघायची प्रेशर टेस्टही घेतली, पास.

दुसऱ्या दिवशी काका आले. घड्याळ उलटं करून पॅडवर ठेवलं, त्यांच्या डोळ्याला लूप दिला आणि म्हटलं, आता दाबा. त्यांनी वरचं बटण दाबलं आणि थांबलेच. परत दाबलं. मी समजावून सांगायला लागलो की लिव्हरचं टोक खांबांच्या फटीत पडलं की ते बाजूचं चाक मधल्या चाकाला जाऊन भिडतं, तर त्यांनी हातानेच थांबवलं मला.

“हे इंटरलॉकिंग आहे हो.”

आणि मग त्यांनीच मला सांगितलं. सिग्नल केबिनमध्ये लिव्हरची रांग असायची, रूळ बदलणारे सांधे बरोबर लागून लॉक झाल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर ओढताच यायचा नाही, खालच्या लोखंडी पट्ट्या त्याला अडवून धरायच्या. माणूस कितीही घाईत असला तरी चूक करू शकत नाही. इथेही तसंच, स्टॉपवॉच चालू असताना खालचं बटण दाबून बघितलं त्यांनी, काही झालं नाही, खांब हातोडीला पडूच देत नव्हता. “नोकरीभर हेच केलं मी,” म्हणाले, “फक्त तिथे लिव्हर कमरेएवढे होते.” मी इतकी वर्षं हे मशीन उघडतोय पण माझं न ऐकता एका नजरेत ते ओळखणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं, मला इतका आनंद झाला की दुकानात थांबलेल्या दोघांना मी तसंच ताटकळत ठेवलं.

मग त्यांना काट्याबरोबर फिरणारं ते बदामाच्या आकाराचं कॅम दाखवलं. हातोडी त्याच्या कडेवर कुठेही पडली तरी ते कॅम घसरत फिरून एकाच जागी येतं, म्हणून काटा प्रत्येक वेळी शून्यावर. लंडनमध्ये काम करणाऱ्या आदॉल्फ निकोल नावाच्या स्विस घड्याळजीने १८४४ मध्ये ह्याचं पेटंट घेतलं होतं आणि आजही यांत्रिक क्रोनोग्राफ ह्याच युक्तीवर शून्यावर येतात. काकांनी वर्ष लिहून घेतलं, पावतीच्या मागे.

जाताना सगळं सांगितलं. टेस्ट पास झाली तरी पावसात भिजवायचं नाही, ओल्या हाताने बटणं दाबायची नाहीत, घाम लागलेलं मागचं झाकण रात्री सुक्या फडक्याने पुसायचं. स्टीलचं झाकण पाकिटात घालून परत दिलं, ते फेकायचं नाही, ह्या घड्याळाचंच ते अंग आहे, उद्या विकायचं किंवा नातवाला द्यायचं झालं तर लागेल. कधी ते परत लावायचं झालं तर पितळी रिंग आधी काढायची, नाहीतर झाकण बंदच होणार नाही, हे त्याच पाकिटावर मार्करने लिहून दिलंय, म्हणजे पुढे ज्याच्या हातात हे घड्याळ जाईल त्या कारागिराला कळेल.