ब्लेडला दोष देण्याआधी ब्लॉककडे बघा

मेणात बसवलेल्या टिश्यूच्या ब्लॉकमधून मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) सेक्शन, म्हणजे काप, नीट येईना की पहिला राग ब्लेडवर निघतो. ब्लेड बदलून बघावंच, त्याला कितीसा वेळ लागतो? पण नव्या ब्लेडवरही तुकड्याचा मधला भाग भुगा होऊन गळत असेल, तर गडबड आधीच झालेली असते, आणि बहुतेकदा फिक्सेशनमध्येच, म्हणजे टिश्यू टिकावा म्हणून तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवण्याच्या टप्प्यात.

१० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये फॉर्मॅल्डिहाइड असतं जेमतेम ४ टक्के. एक लिटर करायचं तर बाटलीतलं ३७ ते ४० टक्क्यांचं द्रावण १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. घाईत हे क्षार वगळले की द्रावण आम्ल होत जातं आणि रक्ताळ टिश्यूत तपकिरी-काळे कण पडतात. हे फॉर्मॅलिन पिगमेंट स्लाइड वाचणाऱ्याला उगाच कोड्यात टाकतं.

द्रावण टिश्यूच्या किमान दहापट, शक्यतो वीसपट हवं. तुकडा ३ ते ४ मिमी जाड, त्याहून नको; कॅसेटचं (तुकडा ठेवायच्या जाळीदार डबीचं) झाकण दाबून लावावं लागतंय म्हणजे तो जाडच आहे. फॉर्मॅलिन तासाला साधारण मिलिमीटरभर आत शिरतं, पण शिरलं म्हणजे फिक्स झालं असं नाही. प्रथिनांशी बंध जुळायला बराच जास्त वेळ लागतो. अख्खं गर्भाशय चीर न देता डब्यात बुडवलं तर वरून टणक, आत कच्चं. हाच कच्चा गाभा पुढे अल्कोहोलमध्ये गेला की उरलेलं फिक्सेशन अल्कोहोल करतं, म्हणून कड आणि मध्य वेगवेगळे रंगतात. स्तनाच्या कर्करोगात रिसेप्टर (उपचार ठरवायला बघतात ती पेशींतली प्रथिनं) तपासायचे असतील तर फॉर्मॅलिनमधला काळ ६ ते ७२ तासांत बसवावा.

पुढे प्रोसेसिंग: पाणी काढायला ७० टक्क्यांपासून ॲब्सोल्यूटपर्यंत (निव्वळ) चढतं अल्कोहोल, मग अल्कोहोल काढायला झायलीन, मग ६० अंशांच्या आसपासचं वॅक्स, म्हणजे मेण. झायलीन दुधाळ दिसलं की समजा, पाणी पूर्ण निघालेलं नाही; अल्कोहोल बदला. अशा ब्लॉकमध्ये टिश्यू मऊ राहतो आणि काही दिवसांनी वॅक्सच्या पातळीखाली खचतो. तो उलट क्रमाने मागे नेऊन पुन्हा प्रोसेस करावा लागतो. बारीक बायोप्सीचं दुखणं उलटं: मोठ्या तुकड्यांच्या लांब सायकलमध्ये घातली की वाळून ठिसूळ होते.

सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचा. ट्रिमिंग (वरचं मेण छाटून टिश्यू उघडा करणं) झाल्यावर ब्लॉक बर्फावर उपडा ठेवावा. सेक्शनमध्ये कापण्याच्या दिशेने उभी चीर पडली तर ब्लेडला खाच आहे किंवा टिश्यूत कॅल्शियम. धारेला समांतर जाड-पातळ पट्टे उमटत असतील तर ब्लेडचा किंवा ब्लॉकचा क्लॅम्प सैल आहे, नाहीतर टिश्यू फार कडक. चाक सावकाश फिरवून बघा. वॉटर बाथ (सेक्शन तरंगवून पसरवायचं कोमट पाण्याचं भांडं) वॅक्सच्या वितळबिंदूपेक्षा ५ ते १० अंश कमी ठेवा. जास्त तापला तर सेक्शन पसरून पेशी सुट्या होतात, थंड राहिला तर सुरकुत्या जात नाहीत.

दर ब्लॉकनंतर बाथचा पृष्ठभाग कागदाने पुसून घ्या. परका तुकडा स्लाइडवर आला तर तो अनेकदा बाकीच्या टिश्यूपेक्षा वेगळ्या पातळीवर फोकस होतो. खात्रीसाठी ब्लॉक डोळ्यांनी तपासा आणि आणखी खोलवर सेक्शन घ्या; तिथे तो नसेल तर बाथमधूनच आलेला असण्याची शक्यता जास्त.