कोयता म्हणजे दोघं

मला ऊसतोड मजुरांवरच्या माहितीपटाच्या टीममध्ये घेतलं ते माझ्याकडे मोटारसायकल आहे म्हणून. तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो, मानधन कधी येईल याचा नेम नाही आणि बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या घाटाखालच्या वाड्यांचे रस्ते पाठ आहेत, एवढी माझी पात्रता. दिग्दर्शिका पुण्याची, कॅमेरावाला परभणीचा, आवाज घेणारा पोरगा संभाजीनगरचा, संकलक मुंबईत. निर्माता कोणीच नव्हतं. दिग्दर्शिकेची साठवण आणि मित्रांकडून मागून आणलेला कॅमेरा यावर काम सुरू झालं, २०२३च्या दसऱ्याला.

पहिल्याच दिवशी वाडीत एका आजीनं आम्हाला पाहून सुनेला हाक मारली, "अगं, ते पिशवीवाले आले बघ!"

२०१९मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय, म्हणजे पिशवी, काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी सगळीकडे गेली. सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हापासून कॅमेरा घेऊन जो येतो तो तेच विचारतो. बायका वैतागल्या होत्या. त्या रात्री दिग्दर्शिकेनं ठरवलं, हा प्रश्न आपण कोणालाच विचारायचा नाही. मला ती बाई तेव्हा पहिल्यांदा आवडली.

ऊसतोडीला टोळी निघाली ती रात्र आम्ही पूर्ण चित्रित केली. टोळी जमवून नेणारा मुकादम बॅटरीच्या उजेडात मोजत होता, "चार कोयते... पाच... सहा. झाले सहा." पुढे फडात, तोडणीच्या शेतात, गेलो तर आवाजवाल्याचे हाल. लेपल माइक पदराखाली लावला की बांगड्या आणि लुगड्याची सळसळ, वर लावला की उसाच्या पाचटाची. शिवाय प्रत्येक जागेची मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करायची असते, संकलनात सांधे जुळवायला. त्यानं हात जोडून सगळ्यांना गप्प बसवलं. वीस सेकंद झाली, एक पोरगं हसलं, मग अख्खा फड हसला. ते हसू चित्रपटात आहे. शांतता शेवटी पहाटे तीनला, गाड्या भरायच्या आधी मिळाली.

शूटिंग संपलं तेव्हा ७१ तासांचं फुटेज जमलं होतं आणि माझं खरं काम तिथून सुरू झालं. संकलकाला आमची बोली कळेना. त्याचा फोन यायचा, "सर, खाडा म्हणजे खड्डा का?" खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस, त्याचे पैसे मुकादम कापून घेतो. "आणि उचल फिटली नाही म्हणजे?" म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे अंगावरच राहिले, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जाणं आलं. माझं बालपण कोपीत, तोडणीवरच्या झोपडीत, गेलंय, मला हे शब्द समजावून सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. मग असं ठरलं की सगळं फुटेज मी लिहून काढायचं. वहीत चार रकाने : वेळ, कोण, काय बोललं, आणि मागं काय चाललंय. तासाभराच्या फुटेजला मला पाच-सहा तास लागायचे. कॉलेजातही तासावर, इथंही तासावर. फरक इतकाच की इथं पैसे नव्हते.

ज्यांना असं काही करायचंय त्यांना सांगतो, चौथा रकाना सोडू नका. तोंडानं माणूस "बरं चाललंय" म्हणतो आणि मागं बायको मुकादमाच्या फोनला नको नको म्हणत असते. असे तुकडे नुसतं पाहताना निसटतात, लिहिताना सापडतात. पुढं त्या वहीच्या चिठ्ठ्या करून आम्ही दिग्दर्शिकेच्या पुण्याच्या खोलीत भिंतीवर चिकटवल्या आणि पंखा बंद ठेवून चार दिवस भांडलो. एक भांडण तोडणीच्या दराचं. आमच्याकडे बोलणारे सगळे टनाला २७३ रुपये म्हणत होते आणि जानेवारी २०२४मध्ये वाढ होऊन दर ३६६ झाला होता. जुनं काढून टाका असं कॅमेरावाल्याचं म्हणणं. मी अडून बसलो, कारण त्याच दरावरून संप झाला होता. शेवटी जुनं ठेवलं आणि नव्या दराची पडद्यावर एक ओळ आली.

सगळ्यात अवघड चिठ्ठी एकाच बाईची होती. चहा करताना, आम्ही काहीही न विचारता, ती स्वतःच पिशवीचं बोलून गेली होती. माइक चालू होता. संमतीपत्रावर तिचा अंगठा होता, म्हणजे कागदाप्रमाणे सगळं ठीक. पण त्या कागदाची मराठी मलाच दोनदा वाचावी लागली होती, तिला काय कळणार! उन्हाळ्यात टोळी परतल्यावर मी आणि दिग्दर्शिका लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं हेडफोन लावून दोनदा ऐकलं. म्हणाली, "राहू द्या. पण तोंड नका दावू माझं. अन् मुकादमाचं नाव काढा, भाऊ हाय तो." आम्ही तिचे हात ठेवले, चुलीपुढचे.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन झाला. सोबत संवादांची संहिता लागते, ती माझ्या वहीमुळे तयारच होती. अडलं ते तंबाखूवर. पडद्यावर तंबाखू दिसली की खाली इशारा लागतो आणि आमच्या चित्रपटात दर दोन मिनिटांनी कोणीतरी मिश्री लावतं नाहीतर तंबाखू मळतं. इशारा खाली बसला, इंग्रजी सबटायटल वर सरकली आणि एका आजीच्या कपाळावर जाऊन थांबली. ती पुन्हा बसवली.

सबटायटलमध्ये 'कोयता' कुठल्याच इंग्रजी शब्दात मावेना. तिकडं ते हत्यार. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि एकटा माणूस अर्धा कोयता. तळटीप द्यावी का, यावर दोन दिवस गेले. मग संकलकानंच मुकादमाची ती रात्रीची मोजणी उचलून सुरुवातीला ठेवली. तो "सहा" म्हणतो आणि ट्रॉलीत बारा माणसं चढतात. शब्द तसाच राहिला.

५८ मिनिटांचा चित्रपट वाडीत दाखवायचा तर पावसाळ्यातच, दसऱ्यानंतर गावात म्हातारी आणि शाळेतली पोरंच उरतात. शाळेच्या भिंतीवर चादर लावली, एकदा लाइट गेली, जनरेटर आणला. श्रेयनामावलीत माझ्या नावापुढं काय लिहायचं ते आदल्या रात्रीपर्यंत ठरत नव्हतं. 'स्थानिक समन्वयक' खोडून 'लेखन साहाय्य' झालं, त्यात माझं आडनाव चुकलं.

ती बाई मागं, पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचे हात आले, आवाज आला, पुढच्या बायका मागं वळून पाहू लागल्या. तिनं पदर सारखा केला आणि मला हळूच विचारलं, "माझा आवाज एवढा जाड हाय व्हय?"