थकलेले भाडे

दिंडोरी रस्त्यावरील एका द्राक्ष पॅकहाउसच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. फेब्रुवारीतील एका सकाळी, सात वाजण्याच्या सुमारास, पेट्यांवरची लेबले निघत नसल्याचा तेथून फोन आला. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग अपेडाच्या (केंद्र सरकारच्या कृषी-निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेट व्यवस्थेत नोंदलेल्या बागेपर्यंत लागावा लागतो, त्यामुळे लेबलाविना पेटी निरुपयोगी, आणि कंटेनर तर दारात उभा.

मी पोहोचेपर्यंत सर्वांनी इंटरनेटच्या केबलला दोषी ठरवले होते. रस्त्याच्या खोदाईत ती अधूनमधून तुटते, तेव्हा संशय अस्थानी नव्हता. पण केबल शाबूत होती आणि माझ्या मोबाईलवरूनही लेबलांचा प्रोग्रॅम उघडत नव्हता. तो प्रोग्रॅम ज्याच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालतो, त्या पुरवठादाराच्या संकेतस्थळावर शेवटी आमचे खाते तपासले, तेव्हा कळले की बिल न भरल्यामुळे ते निलंबित झाले आहे. ज्या कार्डावरून दरमहा रक्कम वळती होत असे त्याची मुदत संपली होती, आणि त्याविषयीच्या सूचना दिवाळीत नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरच्या, आता बंद केलेल्या, ई-मेलवर जात होत्या. ते खाते त्याच्या पत्त्यावर उघडून देणारा मीच होतो.

मालकांना, म्हणजे नानांना, क्लाउड समजावताना दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याच धंद्याचा दाखला दिला होता. स्वतःचे शीतगृह बांधण्याऐवजी लहान बागायतदार जसे तुमच्याकडे हंगामापुरती जागा घेतात, तसा सर्व्हर विकत न घेता दुसऱ्याच्या केंद्रातील संगणकाचा हवा तेवढा भाग भाड्याने घ्यायचा. हंगामात वाढवायचा, पावसाळ्यात कमी करायचा आणि वापराइतके पैसे मोजायचे. ॲमेझॉनने 2006 मध्ये साठवण आणि संगणनशक्ती अशी भाड्याने देण्यास सुरुवात केली आणि 2016 मध्ये मुंबईतही तिची केंद्रे आली, हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले होते. (आमचा पुरवठादार वेगळा होता.) तोटे मात्र मी ओझरते उल्लेखले.

"सर, माहिती आमची आणि कुलूपही आम्हालाच?" नानांनी विचारले. मी काही बोलण्याआधीच ते थांबले, कारण भाडे थकले की तेही माल सोडत नाहीत. फरक इतकाच, की त्यांच्या दारात येऊन हातापाया पडता येते. येथे बोलायला माणूसच नव्हता. तक्रार नोंदवल्यावर मिळालेला एक क्रमांक तेवढा हाती होता.

कंपनीचे डोमेन, म्हणजे ई-मेल पत्त्यातील @ नंतरचे नाव, सुदैवाने आमच्याच ताब्यात होते. जुना ई-मेल पत्ता पुन्हा तयार केला, पासवर्ड बदलला, नानांच्या कार्डाने थकबाकी भरली, आणि दुपारी अडीचला सर्व्हर सुरू झाला. तोवर तोडून आणलेला माल प्री-कूलिंगच्या थंड खोलीत ठेवला होता आणि बायका क्रेटवर बसून होत्या. त्यांची त्या दिवसाची मजुरी नानांनी पूर्ण दिली.

संध्याकाळी मी नानांना फ्रान्समधील स्ट्रासबर्गची गोष्ट सांगितली. मार्च 2021 मध्ये तेथे ओव्हीएच या अशाच सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या केंद्राला आग लागली, आणि ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती अशा अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. निलंबित खात्यातील माहितीही मुदतीनंतर पुसली जाऊ शकते, हेही सांगितले. नानांनी ऐकून घेतले, हार्ड डिस्क केवढ्याला मिळते ते विचारले, आणि खात्याचा ई-मेल पत्ता कोणाच्याही नावाचा नसावा एवढी एकच अट घातली.