कुरडईच्या चिकाचे डिमसम : माझा अनुभव

आतलं सारण बाहेरून दिसावं असं काचेसारखं आवरण असलेले डिमसम घरी करायचे, तर अडतं ते आवरणाच्या पिठापाशी. हार गाऊ, म्हणजे कोळंबीचे कँटोनीज डिमसम, मैद्याचे नसतात. गव्हातलं ग्लुटेन, म्हणजे कणीक चिवट करणारं प्रथिन, धुऊन काढलं की जो निव्वळ स्टार्च उरतो, तो आणि थोडा टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्या कंदाचा करतात त्याचा), एवढंच त्यात असतं. गव्हाच्या स्टार्चची चौकशी मी नागपुरात गोकुळपेठेत केली, इतवारीत केली. सगळीकडे कॉर्नफ्लोअर पुढे आलं. टॅपिओकाचं पाकीट तेवढं मिळालं.

वाट दाखवली ती सासूबाईंनी. आम्ही अधूनमधून रविवारी सगळे मिळून डिमसम खायला जातो. ग्वांगडाँग आणि हाँगकाँगमध्ये सकाळच्या चहासोबत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं घर याच्यासाठी टेबलाभोवती बसतं. आमच्याकडेही हे खाणं रुजलं ते त्यामुळेच. बांबूची टोपली मधोमध, प्रत्येकाचा हात तिच्यात, आणि सासऱ्यांना भाजीचा डिमसम निवडून देण्याचं काम नातीकडे. तिथेच आईंनी एक डिमसम चमच्यावर उचलून उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "अगं, हे तं आपल्या कुरोड्याच्या चिकाचं दिसून राहिलं."

अगदी बरोबर होतं ते. गहू भिजवून, वाटून, गाळून तळाशी जो पांढरा चीक बसतो, तो म्हणजे गव्हाचा स्टार्चच. विदर्भात घराघरांत उन्हाळ्यात तो निघतो आणि शिजवून कुरडयांच्या साच्यात जातो. या वर्षी आम्ही त्यातला थोडा न शिजवता बाजूला ठेवायचं ठरवलं.

लोकवन गहू तीन दिवस भिजवले. पाणी रोज सकाळी बदलायचं, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात ते फार लवकर आंबतं. दाणा बोटांत दाबल्यावर दुधासारखा पांढरा थेंब बाहेर आला की गहू तयार. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटले, चाळणीतून आणि मग मलमलच्या फडक्यातून गाळले, चोथा पुन्हा पाण्यात कालवून पिळला. रात्रभर पातेलं हलवलं नाही.

कुरडईसाठी इथपर्यंतचं पुरतं, वरचं पिवळट पाणी ओतलं की चीक शिजायला घ्यायचा. डिमसमला त्याहून स्वच्छ चीक लागतो. मी त्यात ताजं पाणी घालून ढवळलं, बसू दिलं, पाणी ओतलं, आणि आंबूस वास जाईपर्यंत हेच करत राहिले. चीक घट्ट बसला की त्याच्यावर राखाडीसर पातळ थर दिसतो. त्यात उरलंसुरलं ग्लुटेन आणि कोंड्याची भुकटी असते. तो थर चमच्याने हलकेच खरवडून काढला. आवरण पारदर्शक व्हायचं तर हा थर जायलाच हवा.

वाळवताना मात्र नागपूरच्या उन्हावर भरवसा ठेवू नये. गव्हाचा ओला स्टार्च 60 अंशांच्या आसपास शिजायला लागतो, आणि मे महिन्यात गच्चीवरचं स्टीलचं ताट दुपारी हात लावू देत नाही. म्हणून चीक पांढऱ्या सुती कापडावर पातळ पसरला, वर दुसरं कापड टाकलं आणि गॅलरीच्या सावलीत ठेवला. आपल्याकडची कोरडी हवा तेवढ्यानेही तो कडकडीत वाळवते. मग मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ केला. हे सत्त्व कोरड्या बरणीत छान टिकतं.

चोथा आमच्याकडे भुसवड्यांना जातो. यंदा त्यातला मूठभर मी पावाच्या पिठात घातला. ग्लुटेन बरंचसं चोथ्यातच राहतं आणि पावाला ते हवंच असतं. पीठ माठातल्या पाण्याने मळलं, कारण उन्हाळ्यात कोमट पाणी वापरलं तर यीस्ट फारच घाई करतं, पाव वर येतो पण चव येत नाही. लोणी लावून तो पाव सासऱ्यांना इतका आवडला की भुसवड्या कमी झाल्या तरी चालतील म्हणाले.

आता उकड. 100 ग्रॅम सत्त्व, 50 ग्रॅम टॅपिओका स्टार्च, चिमूटभर मीठ आणि 175 मिलिलिटर खळखळतं पाणी. पाणी एकदम ओतायचं आणि लगेच ढवळायचं. या पिठात ग्लुटेन नाही, त्यामुळे नुसतं मळून ते बांधलं जात नाही. उकळत्या पाण्यात स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि तोच सगळं धरून ठेवतो. पाच मिनिटं झाकून, चमचाभर तेल घालून, हाताला सोसेल तेव्हा मळायचं. इथून पुढे काम आईंच्या हाती गेलं. मोदकाची उकड आयुष्यभर मळलेले हात आहेत ते. ओलं फडकं कुठे हवं, गोळी कधी झाकायची, त्यांना सांगावं लागलं नाही. कूलर मात्र बंद केला. त्याच्या वाऱ्याने कडा बघता बघता तडकतात.

गोळी तेल लावलेल्या वाटीच्या बुडाने दाबली की पातळ चकती होते. सारण दोन प्रकारचं: झिंग्यांचं, आणि सासऱ्यांसाठी गाजर, मका, मशरूम, आलं आणि भरपूर सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं. हार गाऊला कळ्या एकाच बाजूला घालतात, मोदकासारख्या सगळीकडून नाही. आई दोन्ही प्रकारांनी करत होत्या आणि मी अडवलं नाही.

मोदकपात्रात कोबीच्या पानावर सहा मिनिटं वाफवले. झाकण काढल्यावर आवरण पांढरट दिसतं, तिथे धीर धरायचा. मिनिटभर वाफ निवली की ते कडेपासून उजळत जातं, आधी गाजराचा केशरी रंग दिसतो, मग सांभाराचा हिरवा. आमचे हॉटेलातल्याइतके स्वच्छ नव्हते, किंचित दुधाळ होते. पण चावताना तोच लवचिकपणा होता, आणि गव्हाची हलकी गोडी जास्तीची.

बरणीत अजून सत्त्व आहे. ते मी पावसाळ्यानंतरसाठी राखलंय. तेव्हा भंडारा-गोंदियाकडच्या तलावांतले ताजे शिंगाडे बाजारात येतात. चिनी सारणात जे वॉटर चेस्टनट घालतात ती वनस्पती वेगळी, पण कच्चा शिंगाडा बारीक चिरून घातला तर तसाच कुरकुरीतपणा देईल असं मला वाटतं.

कोणी करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: जेवढे खाल तेवढेच वाफवा. फ्रीजमध्ये आवरण कडक होतं. उरलेच तर पुन्हा दोन-तीन मिनिटं वाफ द्या, मऊ होतात.