तळ कोरडा असेल तरच गळती दिसते

1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांच्या मासेमारीबंदीत कोकणातल्या हर्णै बंदराच्या कितीतरी होड्या आंजर्ल्याच्या खाडीत विसावतात, काही ओढून वर घेतल्या जातात आणि शाकारल्या जातात. रंग, जाळी, इंजिन यांची कामे या दिवसांत निघतात. तळात पाणी साचते ती जागा, म्हणजे बिल्ज, मात्र फळ्यांखाली झाकलेली असते आणि बहुधा झाकलेलीच राहते. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.

तळात पाणी येणारच. पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, होडीबाहेर पडतो त्या जागी पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून, पंखा फिरत असताना, मिनिटाला दोन-चार थेंब गळणे ग्लँडमध्ये ठासलेल्या जुन्या पद्धतीच्या पॅकिंगला आवश्यकच असते, कारण त्यानेच ते थंड राहते. शिवाय मासळीच्या खणातला बर्फ वितळतो, पावसाचे पाणी डेकच्या फटींतून झिरपते, इंजिनासाठी समुद्राचे पाणी ओढणाऱ्या नळीची क्लिप सैल होते. कोणते पाणी कुठून आले हे कळले तरच वेळेवर इलाज करता येतो, आणि काळ्या, तेलकट पाण्यात ते कळत नाही. तळ घासून, वाळवून, फिक्या रंगाने रंगवलेला असेल तर पाण्याचा ओघळ मूळ जागेपर्यंत दिसतो. पाण्याच्या पातळीखाली अर्धा मीटर खोलीवर 25 मिलिमीटरचे भोक पडले तर मिनिटाला सुमारे 55 लिटर पाणी आत येते. पंप आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने आपला पंप तासाला तीन हजार लिटरांवर पाणी खरोखर उपसतो का, हे एकदा बादलीने मोजून पाहावे.

लाकडी होडीला खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याचा धोका अधिक असतो. मिठामुळे लाकूड कुजवणारी बुरशी दबून राहते, पण तळात तुंबलेल्या पावसाच्या पाण्यात ती जोमाने वाढते. म्हणून शाकारलेल्या होडीच्या तळाचे बूच काढून ठेवावे, आणि झापांखाली वारा खेळेल इतकी मोकळी जागा सोडावी.

सफाईत सर्वात चिकट काम तेलाचे. ते आधी चिंध्यांनी टिपून डब्यात भरून किनाऱ्यावर आणावे, मगच साबण लावावा, कारण साबणाने तेल नाहीसे होत नाही. त्याचे बारीक थेंब होतात आणि पंप ते सरळ खाडीत टाकतो, जिथे ओहोटीला आपलीच माणसे तिसऱ्या आणि कालवे हे शिंपले काढायला उतरतात. जहाजांमुळे होणारे समुद्राचे प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्पोल करारानुसार मोठ्या जहाजांना दहा लाख भागांत 15 भागांहून अधिक तेल असलेले पाणी समुद्रात सोडता येत नाही; आपल्या होडीकडे पाण्यातून तेल वेगळे करणारी यंत्रणा नसते, म्हणून इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे ठेवून तेल पाण्यापर्यंत पोहोचूच न देणे हाच खरा उपाय. तळाच्या आडव्या लाकडांत पाणी पुढे सरकावे म्हणून ठेवलेली भोके खवले आणि जाळ्याच्या तुकड्यांनी बुजतात. त्यांतून एक बारीक साखळी कायमची ओवून ठेवावी आणि अधूनमधून मागेपुढे ओढावी. पंपाच्या तोंडाची जाळीही त्याच वेळी हाताने साफ करावी.

मासळीचे रक्त आणि बुळबुळ बंद खणात कुजली की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याची सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी प्रमाण वाढले की नाकाला जाणवेनाशी होते, त्यामुळे वास गेला म्हणून कोणी आत उतरू नये. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून गळलेला गॅसही हवेपेक्षा जड असल्याने खाली तळातच साठतो. झाकणे उघडून भरपूर वारा घेतल्याशिवाय खलाशाला खाली पाठवू नये, आणि एक माणूस वर उभा ठेवावा.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास होडी पुन्हा पाण्यात उतरते तेव्हा आटलेल्या फळ्यांमधून थोडे पाणी येते आणि लाकूड फुगले की थांबते. या दिवसांत पंप किती वेळ चालवावा लागला हे तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाने, रोज लिहून ठेवावे. दोन-तीन दिवसांत तो वेळ कमी झाला नाही, तर होडी परत वर घ्यावी आणि त्या फटीत नवा कापूस ठोकावा.